सासूबाईंचा भुताचा सिनेमा

लग्न होऊन मी भिवंडीला आले ती नव्वद सालच्या आसपास. आमच्या शहापूरकडच्या गावात झोपताना बेडकांचा आवाज यायचा, इथे कापड विणणाऱ्या लूमचा. आमची सोसायटी तेव्हा नवीकोरी होती. अंजूर फाट्याच्या बाजूला, भातशेती बुजवून बांधलेल्या तीन पिवळ्या बिल्डिंगा, मध्ये सिमेंटचं अंगण, अंगणात पाण्याची टाकी. पुढे शेतं आणि मागे पत्र्याची लांबलचक शेड. त्या शेडमध्ये लूम चालायचे. दिवसपाळीलाही खटाखट आणि रातपाळीलाही खटाखट. पहिले काही दिवस मला वाटायचं, आपण कायम एखाद्या गाडीत बसलोय आणि गाडी काही केल्या पोचत नाही. मग एक दिवस तो आवाज ऐकू येईनासा झाला. तो होताच, माझेच कान बदलले.

सोसायटीत सगळे माझ्यासारखेच नवे होते. कोणी एसटीतले, कोणी नगरपालिकेतले, एक-दोन शाळामास्तर, आणि गावठाणातल्या जुन्या घरातून मोकळ्या हवेत राहायला आलेली काही कोकणी मुसलमान कुटुंबं. शहराने त्याआधी दंगलींचे वाईट दिवस पाहिले होते. त्याबद्दल कोणी बोलत नसे, पण दारं मात्र बंद असायची. बेल वाजली की आतून आधी "कोण?" असा आवाज यायचा आणि मगच कडी निघायची.

घरात आम्ही तिघं. मी, एसटी डेपोत नोकरीला असलेले माझे मिस्टर आणि सासूबाई. सासूबाई मूळच्या गणेशपुरीजवळच्या खेड्यातल्या. सरकारी दवाखान्यात आयाचं काम करून नुकत्याच रिटायर झालेल्या. उंच, हाडापेराने मोठ्या, हनुवटीवर गोंदण. त्या फार बोलत नसत. बघत. आमटीत मीठ जास्त पडलं तर एक घास खायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. त्या कधी मला टाकून बोलल्या नाहीत, पण त्या बघण्याने माझ्या हातातली पळी खाली पडायची. लग्न होऊन वर्ष झालं तरी मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

आमच्या गॅलरीला लागूनच शेजारची गॅलरी होती, मध्ये कमरेएवढी भिंत. तिथे चाची राहायच्या. मागची लूमची शेड त्यांच्याच घरची. गोऱ्या, ठेंगण्या, पन्नाशीच्या, आणि गप्प बसणं त्यांना माहीतच नव्हतं. बोलायच्या आमच्यासारखंच मराठी, फक्त त्यांच्या कोकणी चालीत. पण सासूबाई आणि चाचींचं मी यायच्या आधीच वाजलं होतं. सासूबाईंनी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि शेडमधून उडालेला कापूस त्यांच्यावर बसला. सासूबाई भांडायला गेल्या तर चाची म्हणाल्या, "हवा काय माझ्या सासऱ्याची हाय? ती कुठंबी जाईल." सासूबाईंनी कुरडयांचं अख्खं पत्र्याचं ताट चाचींच्या उंबऱ्यावर उपडं केलं आणि परत आल्या. तेव्हापासून दोघी गॅलरीत एका वेळी कपडे वाळत घालायच्या, एकमेकींच्या साड्यांचे काठ एकमेकींना लागायचे, पण शब्द नाही.

अशा आमच्या सोसायटीत एक दिवस मुंबईहून एक दिग्दर्शक आला. किडकिडीत, दाढी वाढवलेला, खांद्याला झोळी. टीव्हीसाठी टेलिफिल्म काढायची होती. नवी कॉलनी, एकसारख्या बिल्डिंगा, आजूबाजूला ओसाड, असं काहीतरी तो शोधत होता आणि ते मुंबईत त्याला परवडत नव्हतं. आमच्या सेक्रेटरींना त्याने सांगितलं, "कौटुंबिक विषय आहे, काका." सेक्रेटरी खूश झाले. बोर्डावर खडूने लिहिलं, 'आपल्या सोसायटीत कौटुंबिक चित्रपटाचे चित्रीकरण होणार असून रहिवाशांनी सहकार्य करावे.'

दोन दिवसांनी सामानाचा टेम्पो आला. त्यातून उतरलेल्या वस्तूंत एक मोठा सुरा, लाल रंगाचे डबे आणि केसांचे टोप निघाले. संध्याकाळी अंगणात घडीच्या खुर्च्या मांडून तातडीची मीटिंग बसली. सेक्रेटरी उभे राहिले.

"आपल्याला सांगितलं कौटुंबिक. आता कळतंय की हा भीतीचा सिनेमा आहे. आणि त्यात भूतबित कोणी नाही. त्यात खुनी आहे ती सोसायटी!"

"सोसायटीतलं कोण?" कोणीतरी विचारलं.

"सगळे! सगळी सोसायटी! वरून गोड गोड बोलतात, नव्या बिऱ्हाडाला वाटीतून खीर नेऊन देतात, आणि त्या खिरीत…"

"खिरीत काय?" पुढच्या रांगेतून दोन-तीन आवाज एकदम आले.

सेक्रेटरींनी दिग्दर्शकाकडे पाहिलं. तो अपराधी चेहऱ्याने म्हणाला, "ते शेवटी कळतं."

मग एकच गलका झाला. उद्या इथे फ्लॅट कोण घेईल? माझ्या मुलीला बघायला पाहुणे यायचेत, ते आपल्या घरचा चहा तरी पितील का? एक मास्तर म्हणाले की समाजावर वाईट संस्कार होतील. दिग्दर्शक बिचारा झोळीचा पट्टा पिळत उभा होता. सामानाचा टेम्पो परत पाठवायची वेळ आली, तेवढ्यात बायकांच्या मागच्या रांगेतून सासूबाई उठल्या. मी त्यांच्या शेजारी होते. मला वाटलं, घरी चालल्या.

"मी सगळा जन्म दवाखान्यात काढला," त्या म्हणाल्या. "मेलेलं मानूस वार्डातून उचलायचं काम माझ्याकडं. त्यातला एकबी उठून माझ्या मागं घरी आला न्हाय. ह्यो तर नुसता शिनेमा हाय. पोरगा एवढं सामान घेऊन आलाय, त्याला काढू द्या."

एवढं बोलून त्या बसल्या. इतकं सलग बोललेलं मीच काय, माझ्या मिस्टरांनीही ऐकलं नव्हतं. मीटिंग थंड पडली. सोसायटीच्या नावाची पाटी झाकायची आणि जाताना कंपाउंडच्या भिंतीला रंग मारून द्यायचा, या दोन अटींवर परवानगी मिळाली. पण दिग्दर्शकाचं अटींकडे लक्षच नव्हतं. तो सासूबाईंकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात तोच.

"मावशी, सिनेमात काम कराल?"

"काय करायचं?"

"बघायचं. गॅलरीत उभं राहून खाली नव्या बिऱ्हाडाकडे बघायचं. आणि शेवटी थोडंसं हसायचं."

सासूबाईंनी विचार केला. "बघीन. हसायचं जमनार न्हाय."

"ते बघू," तो म्हणाला आणि त्याने आमच्या गॅलरीतून शेजारी डोकावून पाहिलं. चाची तिथे लसूण सोलत बसल्या होत्या. "आणि या कोण? वा! या तुमच्या मैत्रीण. सिनेमात तुम्ही दोघी जिवलग. दिवसभर गॅलरीतून एकमेकींशी कुजबुजता."

मिस्टर मोरीच्या दाराशी दाढी करत होते. त्यांनी साबण लावलेल्या तोंडाने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "सांगू का त्याला?" मी मान हलवून नाही म्हटलं. का कोण जाणे. चाचींनी लसणाचं सूप बाजूला ठेवलं आणि दिग्दर्शकाला एवढंच विचारलं, "साडी कंची नेसू?" सासूबाई आत निघून आल्या. पण नाही म्हणाल्या नाहीत.

मग सोसायटीत जत्रा भरली. सगळ्यांनाच थोडं थोडं काम मिळालं. संस्कारांची काळजी करणारे मास्तर रोज सकाळी कचऱ्याचा डबा घेऊन एकाच जागी उभे राहून मंद हसायचे, तो त्यांचा रोल. माझे मिस्टर मेलेले झाले. सुट्टी टाकून ते दिवसभर जिन्याखाली पडून राहिले आणि संध्याकाळी म्हणाले की डेपोत एवढी विश्रांती कधी मिळाली नव्हती. सिनेमातली विषारी खीर करायचं काम चाचींनी घेतलं. ती इतकी छान व्हायची, वर चारोळ्या, वेलची, की शॉट तयार होईपर्यंत वाटी रिकामी झालेली असायची. दिग्दर्शक ओरडायचा, "खीर कोणी खाल्ली?" आणि खुनी सोसायटी तोंड पुसत चहूकडे पांगायची.

आमच्या घरात थोडं चित्रीकरण होतं. रात्रीचा प्रसंग दुपारी घ्यायचा म्हणून त्यांनी सगळ्या खिडक्यांना काळं कापड लावलं आणि भर बाराला आमच्या घरात रात्र झाली. भिंतीवरच्या तसबिरी उतरवायला एक जण स्टुलावर चढला तर सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो खाली उतरला. "त्या फोटोंना हात लावायचा न्हाय," त्या म्हणाल्या. "शिनेमा त्या पल्याडच्या भिंतीवर काढा." आणि सिनेमा त्या भिंतीवर निघाला. आणखी एकदा दिग्दर्शकाने त्यांना गॅलरीत तुळशीला पाणी घालायला सांगितलं. "आमच्यात तुळस न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "गुलाब हाय. त्याला रोज घालते." तेलाच्या डब्यातल्या त्या गुलाबाला पाणी घालताना त्यांचा जो शॉट झाला, तो बघून दिग्दर्शकाने हात जोडले.

अडचण एकच होती, लूम. गोष्टीतली कॉलनी मरणाची शांत होती आणि आमच्या मागे शेड धडधडत होती. आवाज टिपणारा मुलगा कानाला हेडफोन लावून डोकं धरून बसायचा. शेवटी कोणीतरी त्यांना सांगितलं की शुक्रवारी लूमला सुट्टी असते. म्हणून सगळी सोसायटी अंगणात जमून नव्या बिऱ्हाडाकडे बघते तो मोठा प्रसंग शुक्रवारी ठेवला.

त्या दिवशी आम्ही सगळे नीटनेटके कपडे घालून रांगेत उभे राहिलो. शेड बंद. कावळ्याच्या पंखांचा आवाज यावा इतकी शांतता. दिग्दर्शक माझ्याजवळ येऊन म्हणाला, "वहिनी, चेहऱ्यावर जी काळजी दिसतेय ना, तीच ठेवा. फार छान आहे." त्याला मी काय सांगणार? भिवंडीत लूम थांबले की माणूस आधी दचकतो. आज काय झालं, कुठे काय पेटलं, घरचे कुठे आहेत. मग आठवतं, शुक्रवार आहे. त्या एका क्षणाची भीती मला लग्नानंतर शेजारणींकडून लागली होती. मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं. चाचींच्याही, सेक्रेटरींच्याही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि कॅमेरा आमच्याकडे बघत होता. मग मशिदीतून नमाज आटपून चाचींचे मिस्टर स्कूटरवरून आत आले, कॅमेऱ्यासमोरूनच गेले, आणि म्हणाले, "काय चाललंय? सगळे असे का उभे? कोण गेलं?" त्यावर जो हशा पिकला त्यात तो अख्खा शॉट गेला. दर शुक्रवारची वाट बघत बसणं काही त्या मंडळींना शक्य नव्हतं. त्यांनी ठरवलं की आवाज सगळे नंतर मुंबईत भरायचे.

सिनेमाची नायिका दादरची होती. नाटकात काम करणारी, माझ्याच वयाची. पहिल्या दिवशी भिवंडी म्हणून घाबरत घाबरत आली होती आणि तिसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून भाकरी खात होती. सिनेमात ती नव्याने राहायला आलेली सून. एका दुपारी तिने मला विचारलं, "वहिनी, तुम्ही पण नव्याच ना इथे? तुम्हाला खरी भीती वाटते तेव्हा तुम्ही काय करता? म्हणजे शरीराने."

मी भाकरी थापत होते. न विचार करता म्हणाले, "ओट्याला पाठ लावून उभी राहते. आणि हाताला काहीतरी काम शोधते. काम नसलं तर फडका घडी करते, परत उलगडते."

"आणि कोणाची वाटते?"

"सासूबाईंची," मी म्हणाले. "त्या काही बोलत नाहीत ना, म्हणून."

नायिका हसली नाही. माझ्या मागे बघत राहिली. मी वळले. दारात सासूबाई उभ्या होत्या, शूटिंगची निळी साडी हातात घेऊन. माझा एक हात ओट्यावर गेला आणि दुसऱ्याने फडका उचलला. नायिका ओट्यावरून उतरून हळूच निघून गेली. सासूबाई फडक्याकडे बघत राहिल्या, मग साडी खांद्यावर टाकून आत गेल्या.

संध्याकाळी मी मेथी निवडत होते. त्या येऊन समोर बसल्या, अर्धी जुडी स्वतःपुढे ओढली. पानं खुडायला लागल्या.

"तू मला घाबरतीस?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मी काय केलं?"

"काही नाही. तुम्ही बघता."

त्यांनी देठं बाजूला सारली. "वार्डात हसायचं न्हाय, असं सिस्टरनं पैल्याच दिवशी सांगितलेलं. एक पोरगी होती माझ्यासंगं कामाला, आमी दोघी लय हसायचो. एकदा एका बाईचा नवरा गेलेला आनि आमी व्हरांड्यात कशालातरी हसत होतो. त्या बाईनं आमच्याकडं बघितलं. काय बोलली न्हाय, नुसती बघितली. तवापासून त्वांड मिटून ठेवलं. तसंच राहिलं." मग त्या म्हणाल्या, "आमटीत मीठ जास्त झालं तर मी बघते ती का, माहीत हाय? बोलू का नको, ते मला कळत न्हाय. माझी सासू बोलायची. लय बोलायची. मी ठरवलेलं, आपुन बोलायचं न्हाय."

मी म्हणाले, "आई, तुम्ही बोला हो. मला चालेल."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "मेथीची देठं एवढी जाड ठेवायची न्हायत." मला इतकं हलकं वाटलं की ती जाड देठं मी सगळी परत निवडली.

सासूबाईंच्या हसण्याचा शॉट शेवटच्या दिवसांत होता. नायिकेचा टेम्पो सोसायटीत शिरतो, ती वर बघते, आणि दोन गॅलऱ्यांतून दोन बायका तिच्याकडे बघून मंद, गोड हसतात, असं ते. कॅमेरा खाली अंगणात. मी आमच्या गॅलरीच्या दाराआड बसले होते, कारण सासूबाईंचा चष्मा माझ्याकडे होता. चाची पहिल्याच वेळेला छान हसल्या. सासूबाईंनी ओठ ताणले.

"कट! मावशी, दात दुखल्यासारखं वाटतंय."

परत. परत. खालून दिग्दर्शक स्वतः हसून दाखवत होता. नातवंडं आठवा म्हणाला, नातवंडं नव्हती. आवडता पदार्थ आठवा म्हणाला. सासूबाई घामाघूम झाल्या. त्यांच्या मानेची शीर उडत होती आणि मला त्यांची दया आली. कॅमेरा पुन्हा सुरू झाला.

तेवढ्यात चाची बोलल्या. चेहरा खाली कॅमेऱ्याकडे, हसू तसंच ठेवलेलं, ओठ जवळजवळ न हलवता. सिनेमातली वाक्यं सोडली तर एवढ्या दिवसांत सासूबाईंशी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य.

"बाय, त्या कुरडया मी फेकल्या नाय हां."

सासूबाई पुढे बघत राहिल्या.

"झटकल्या नि डब्यात भरल्या. तळून खाल्ल्या सगळ्यांनी. रमजानमधी पण काढल्या. लय झ्याक झालेल्या."

मला सासूबाईंची पाठ दिसत होती. ती ताठ झाली. त्याही समोर बघत, तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "कापसासकट?"

"कापसासकट. आमचे हे बोलले, अशा मऊ कुरडया कधी खाल्ल्या नव्हत्या."

पाठ हलायला लागली. आधी वाटलं त्यांना ठसका लागला. मग आवाज आला. पोटातून, खालून वर येणारा, मोठा, पुरुषी म्हणावा असा आवाज. मिशरीने काळे झालेले दात दाखवत, गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी धरून सासूबाई हसत होत्या. चाचींनाही राहवेना. त्या भिंतीवर ओणव्या झाल्या आणि त्यांनी सासूबाईंचा दंड पकडला. एक थांबली की दुसरी "कापूस" म्हणायची आणि परत सुरू. खालून दिग्दर्शक ओरडत होता, "मंद! मंद हसा!" कोण ऐकतंय. मी दाराआड चष्मा छातीशी धरून हसता हसता रडत होते. खाली टेम्पोजवळ नायिका वर बघत उभी होती, तिला काय चाललंय काहीच कळत नव्हतं आणि तिच्या चेहऱ्यावर एवढा गोंधळ होता की कॅमेरामनने टेप थांबवलाच नाही.

चित्रीकरण संपल्यावर ती मंडळी गेली. कंपाउंडच्या भिंतीला रंगही मारून गेली, पण तो हिरवा निघाला, पिवळ्या बिल्डिंगांना अजिबात न शोभणारा. अंगण सुनं वाटायला लागलं. पण दारं काही पूर्वीसारखी लागली नाहीत. एकत्र मिळून खून केलेल्या माणसांना आता काय लपवायचं होतं? बेल न वाजवता लोक सरळ आत यायचे. आमच्या आणि चाचींच्या गॅलरीतल्या भिंतीवरून वाट्या जायला लागल्या. तिकडून तांदळाच्या रोट्या, इकडून वांग्याचं भरीत. माझी मुलगी पोटात होती तेव्हा त्या भिंतीवरून माझ्यासाठी काय काय आलं ते सांगायला बसले तर दिवस जाईल.

सिनेमा टीव्हीवर यायला खूप महिने लागले. आला तो रविवारी, भर दुपारी. भीतीचा सिनेमा असा दुपारच्या जेवणावर दाखवतात म्हणून मास्तर रागावले. सगळ्यात मोठा रंगीत टीव्ही चाचींकडे, म्हणून सगळी सोसायटी तिथे. जागा पुरेना तेव्हा पोरं कपाटावर बसली. चाचींच्या मिस्टरांनी त्या दुपारपुरते लूम बंद ठेवले. सुट्टी नसताना शेड गप्प झाली आणि पहिल्यांदाच कोणी दचकलं नाही, कारण का बंद आहे ते सगळ्यांना माहीत होतं.

भीती वाटायचे प्रसंग आले की आमच्यात टाळ्या पडायच्या. मास्तर कचऱ्याचा डबा घेऊन दिसले तेव्हा शिट्ट्या वाजल्या. जिन्याखाली मिस्टरांचा मृतदेह दिसला आणि कपाटावरून एक पोरगं ओरडलं, "काका श्वास घेतायत! पोट बघा!" मिस्टर म्हणाले, "मग काय खरंच मरू?" मग सासूबाई पडद्यावर आल्या. गुलाबाला पाणी घालत त्यांनी नायिकेकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. आवाज निघाला तो कोण्या भलत्याच बाईचा. बारीक, गोड, शुद्ध पुणेरी. "या हं, आमच्याकडे चहाला."

खोलीतल्या सगळ्यांनी वळून सासूबाईंकडे पाहिलं.

"ही कोन?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या तोंडात ही कोन बोलती?"

मी समजावलं की आवाज मुंबईत भरतात. त्यांना ते अजिबात पटलं नाही. पुढचा सगळा सिनेमा पडद्यावरच्या सासूबाईंनी ओठ हलवले की खोलीतल्या सासूबाई त्या पुणेरी बाईच्या वर आवाज काढून बोलायच्या. "या हं," असं टीव्ही म्हणाला की त्या म्हणायच्या, "ये की गं, चा घे!" चाचीही मग आपलं वाक्य आपणच म्हणायला लागल्या. खरा सिनेमा कोणालाच ऐकू आला नाही आणि कोणाला नकोही होता.

पण हसण्याचा शॉट आला तेव्हा सगळे गप्प झाले. दिग्दर्शकाने तो तसाच ठेवला होता. लांबून घेतलेला, आवाज पूर्ण काढून टाकलेला. दोन पिवळ्या गॅलऱ्या, दोन बायका, एकीने दुसरीचा दंड धरलेला, दोघींची तोंडं उघडी, खांदे गदगदतायत आणि कसलाच आवाज नाही. खाली एक नवी सून टेम्पोपाशी उभी. खरं सांगते, बघताना माझ्या अंगावर काटा आला. त्या कशाला हसत होत्या ते मी स्वतः ऐकलं होतं, तरी आला. सासूबाई मात्र टीव्हीजवळ सरकल्या, डोळे बारीक करून स्वतःकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मी हसताना अशी दिसते होय? बरी दिसते की."

"झ्याक दिसतेस, बाय," चाची म्हणाल्या.

पुढे दोन-तीन महिने बाजारात लोक वळून बघायचे. भाजीवालीने एकदा सासूबाईंना कोथिंबीर फुकट दिली आणि जपून बोलली. त्यांच्या ओळखीच्या एका सिस्टरने निरोप पाठवला की तिच्या घरातली पोरं आता कोणाकडची खीर खात नाहीत. पण खरी मजा झाली ती त्या हिवाळ्यात. चाचींचे गुडघे दुखत होते आणि सासूबाईंच्या माहेराजवळ गरम पाण्याची कुंडं. माझी मुलगी तेव्हा मांडीवर मावेल एवढी होती. आम्ही तिघी आणि ती, सकाळच्या एसटीने गणेशपुरीला गेलो.

बायकांच्या कुंडात गर्दी होती. पाय ठेवायला जागा नाही. सासूबाई काठावर उभ्या राहून कुठे शिरता येईल ते बघत होत्या. म्हणजे त्यांच्या पद्धतीने बघत होत्या. पाण्यातली एक बाई दुसरीला कोपराने ढोसत म्हणाली, "अगं, ही ती. टीव्हीवरची." दुसरीने वर पाहिलं, मग शेजारच्या चाचींकडे पाहिलं. "आणि ती दुसरी! दोघी आल्यात!" कुजबुज कुंडभर पसरली. सासूबाईंना काही सुचेना. अवघडून त्यांनी त्या बायकांकडे बघून तोंडभर स्मित केलं. दिग्दर्शकाला हवं होतं तसं, मंद, गोड.

बायका भराभर उठल्या, ओली लुगडी सावरत काठावर गेल्या आणि बघता बघता अख्खं कुंड मोकळं झालं.

"आता काय करायचं?" सासूबाई मला विचारत होत्या.

"बसायचं की," असं म्हणत चाची पाण्यात उतरल्यासुद्धा. गुडघे लांब करून त्यांनी डोळे मिटले. सासूबाई त्यांच्या शेजारी बसल्या. मी मुलीचे पाय पाण्यात बुडवले, ती फुरफुरली. पाण्यावरून वाफ निघत होती. बऱ्याच वेळाने काठावरची एक म्हातारी धीर करून जवळ आली आणि तिने विचारलं, "तुमी लई मानसं मारली का हो त्या शिनेमात?"

"सगळी सोसायटी होती," सासूबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "माझ्या एकटीचं काम न्हाय ते. ये, बस. पानी छान हाय."

ती बसली. मग आणखी एक आली. मग बाकीच्याही हळूहळू परत आल्या आणि चाचींनी त्यांना खिरीची कृती पहिल्यापासून सांगितली, चारोळ्या किती, वेलची कधी. परतीच्या गाडीत दोघींना खिडकी हवी होती. एकीला ऊन हवं होतं म्हणून, एकीला वारा हवा होता म्हणून. वज्रेश्वरी गेली, शेतं गेली, तरी दोघी त्याच विषयावर मोठमोठ्याने भांडत होत्या, आणि माझी मुलगी दोघींच्या मध्ये ओल्या केसांनी गाढ झोपली होती.